शेगडीवर पाणी

पोपटरावांनी बाळंतिणीच्या शेगडीवर बादलीभर पाणी ओतलं, त्याच घडीला केसरबाईंनी मनाशी गाठ मारली. या माणसाला या घराबाहेर काढल्याशिवाय परतीच्या विमानात पाय ठेवायचा नाही. व्हिसा संपायला अजून चाळीस दिवस होते. तेवढे पुष्कळ होते.

केसरबाई खटाव तालुक्यातून दोह्याला आल्या होत्या त्या लेकीच्या, कोमलच्या बाळंतपणाला. जावई चेतन एसी दुरुस्तीच्या कामावर होता आणि अल मुंतझा भागातल्या एका जुन्या बंगल्यात एका खोलीत राहत होता. बंगला म्हणायचा आपला. पोपटरावांनी तो एका अरबाकडून अख्खा भाड्याने घेतला होता आणि आत प्लायवुडच्या भिंती ठोकून त्याच्या चौदा खोल्या केल्या होत्या. कोमलच्या वाट्याला दिवाणखान्याचा एक तुकडा आला होता. दिवाणखान्याला खिडकी होती, पण ती पलीकडच्या तुकड्यात गेली.

पोपटराव दहिवडीकडचे, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावरचे. पहिल्या दिवशी ते केसरबाईंच्या पाया पडले होते. "आक्का, मला तुमचा धाकटा भाऊच समजा," असं म्हणाले होते. बाईंनी भोळेपणाने समजला. गावाकडून आणलेल्या दहा लाडवांतले चार त्याच्या हातावर ठेवले.

चार दिवसांत भाऊ कळला. भाडं लाईट-पाण्यासकट होतं, त्यामुळे विजेचं बिल पोपटराव भरायचे आणि प्रत्येक युनिट त्यांच्या काळजाला चरचरायचं. गिझरचं बटण त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत घालून वर कुलूप ठोकलं होतं. पहाटे पाच ते साडेपाच, एवढाच वेळ ते गरम पाणी सोडायचे, तेही चौदा खोल्यांत मिळून. हीटर कुणी लावला की मीटर पळायचा, मीटर पळाला की पोपटराव पळत यायचे, आणि त्या खोलीचा फ्यूज काढून खिशात घालायचे. जानेवारीचा महिना होता. दोह्याला थंडी नसते असं सांगणाऱ्याने उत्तरेचा वारा सुटल्यावर तिथे एक रात्र काढून बघावी.

आणि इथे तर ओली बाळंतीण. केसरबाईंनी आयुष्यात नऊ बाळंतपणं केली होती आणि त्यांचा नेम ठरलेला होता. सव्वा महिना कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची, आणि वाऱ्याची झुळूकही आत येऊ द्यायची नाही. बाळंतिणीच्या अंगात गार शिरलं की ते जन्मभर निघत नाही, असं त्यांची सासू म्हणायची आणि आता त्या म्हणत. हॉस्पिटलचा खर्च, त्यांचं विमानाचं तिकीट, बाळाचे कागद, यांत चेतनचा पगार आधीच पिळून निघाला होता. खिडकीवाली खोली दीडपट भाड्याची होती. मग केसरबाईंनी कबाबवाले वापरतात तो कोळसा आणवला, स्वस्तातली पत्र्याची शेगडी आणवली आणि स्वतःचा मार्ग स्वतः काढला.

बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी वारा फार होता. संध्याकाळी त्यांनी शेगडी चांगली फुलवली, दार लावून घेतलं आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली. खोली छान उबदार झाली. कोमल म्हणाली, आई, डोकं जड झालंय, मळमळतंय. वारं लागलं असणार, असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्याला आणखी एक फडकं बांधलं. नात मात्र इतकी गाढ झोपली होती की दुधालाही उठेना. केसरबाईंना अभिमान वाटला. शेक मिळाला की पोर अशी झोपते, हे डॉक्टरांना कुठलं माहीत?

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. गोधडी फरफटत आत आली आणि मागून बादली घेऊन पोपटराव. कुणीतरी त्यांना कोळशाचं सांगितलं होतं. त्यांनी सरळ वाकून बाजेखाली पाणी ओतलं. शेगडी फसफसली, राख उडाली, पोर दचकून उठली आणि टाहो फोडून रडू लागली.

"समदं घर लाकडाचं हाय माझं," पोपटराव म्हणाले. "तुमच्या शेकापायी चौदा खोल्यांचं भाडं जाळू व्हय?"

आणि दार तसंच सताड उघडं टाकून निघून गेले.

शिवी दिली असती तर केसरबाईंनी गिळली असती. पण बाळंतिणीच्या शेगडीवर पाणी? त्यांच्याकडे वैऱ्याच्या घरीही ती शेगडी कुणी विझवत नाही. ती आपोआप विझू द्यायची असते. त्या रात्रभर भिंतीला टेकून बसल्या आणि पोपटरावांना काय काय व्हावं याची उजळणी करत राहिल्या.

सकाळी शेजारच्या खोलीतली रुकैया किटली घेऊन आली. ती रत्नागिरीकडची, नऊ वर्षं त्याच घरात राहून शिवणकाम करणारी. "मावशी, हे कढत पाणी बाळाला घ्या, त्या मेल्याला कळू देऊ नका," एवढंच बोलून ती गेली. पण किटलीभर पाण्यात बाळंतीण न्हात नाही.

तेव्हा केसरबाईंनी जावयाला बंब बनवायला सांगितला. चेतनने भंगारातून एका मोडक्या गिझरची टाकी आणली, मधून लोखंडी नळ आरपार घातला, खाली जाळी आणि बाजूला तोटी बसवली. नळात लाकडं पेटवायची, भोवती पाणी तापतं. हुबेहूब गावाकडच्या न्हाणीतला बंब. गिझरचाच बंब केला, याचं केसरबाईंना भारी समाधान वाटलं. लाकडाचीही ददात नव्हती. त्या दिवसांत अरब लोक वाळवंटात तंबू ठोकून शेकोट्या करतात. चेतनच्या मालकाचाही तंबू होता, आणि तिथली उरलीसुरली लाकडं तो गाडीतून घेऊन यायचा. केसरबाईंनी पहिला ओंडका हातात घेतला, साल नखाने खरवडली आणि म्हणाल्या, ही तर आपली बाभळ. बाभळीचा जाळ कडक, धूर कमी. दोन ढलप्यांत अख्खा बंब उकळायचा.

अंगणात बंब पेटला तेव्हा पोपटराव कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. युनिट जळत नाही म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून पहिली बादली त्यांची लागू लागली. जाळ केसरबाईंचा, धूर केसरबाईंच्या डोळ्यांत, आणि आंघोळ पोपटरावांची. केसरबाई मुकाट बादली भरून द्यायच्या. द्यायच्या आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहायच्या.

एक दिवस न्हाऊन, केस पुसत, प्रसन्न होऊन पोपटराव म्हणाले, "आक्का, बंब झकास हाय. पर धूर करू नका हां. न्हाईतर दुसरा बंब यील, तांबडा, भोंगा वाजवत. मग तुमी, मी, समदीच रस्त्यावर."

आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

केसरबाई हसल्या नाहीत. जेवताना त्यांनी चेतनला सहज विचारलं, आगीचा बंब आला तर रस्त्यावर का बरं? चेतनने सांगितलं की हा बंगला एका कुटुंबासाठी आहे, असे तुकडे करून भाड्याने देणं कायद्यात बसत नाही. सरकारी माणसाने एकदा आत पाहिलं की खलास. लाईट तोडतात, घर रिकामं करतात आणि पोपटरावांना दंड वेगळा. केसरबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आणखी आमटी मागितली. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

त्यांनी घाई केली नाही. अंगणात खजुराची दोन झाडं होती, त्यांच्या वाळक्या झावळ्या त्यांनी रोज थोड्या थोड्या गोळा केल्या आणि टबात भिजत घातल्या. भांडी घासायला लागतात, असं रुकैयाला सांगितलं. रुकैयाने आणखी दोन झावळ्या आणून दिल्या. ही बाई पण रस्त्यावर येईल, हा विचार एकदा केसरबाईंच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो बसू दिला नाही. गव्हाबरोबर किडेही रगडले जातात, असं मनाला बजावलं, आणि किडा कोण म्हणायचं याचा विचार केला नाही.

सव्विसाव्या दिवशी बाळाला तपासायला न्यायचं होतं. बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू न देणाऱ्या केसरबाई त्या दिवशी चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट कोमलच्या कानाला रुमाल बांधून तिला लवकर पिटाळलं. सकाळी दहाला पोपटराव नव्या भाडेकरूला खोली दाखवत होते आणि गरम पाण्याची इथं चंगळ आहे म्हणून सांगत होते. केसरबाईंनी बंब अंगणाच्या मधोमध ओढला, बाभळीचा जाळ केला आणि त्यावर ओल्या झावळ्या नि भिजकं पोतं कोंबलं.

धूर असा उठला की गच्चीवरच्या टाक्या दिसेनात. केसरबाई पदर नाकाला लावून पायरीवर बसल्या आणि वाट बघू लागल्या. शेजारच्या बंगल्यातून कुणीतरी ओरडलं, कुणीतरी फोन लावला. दहा मिनिटांत भोंगा वाजला आणि तांबडा बंब दारात उभा राहिला. पोपटराव धावत बाहेर आले. त्यांनी धूर पाहिला, गाडी पाहिली, आणि मग पायरीवर बसलेल्या केसरबाईंना पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ते कळलेलं तोंड बघायला मिळालं, याचा केसरबाईंना जो आनंद झाला तो नातीच्या जन्माइतकाच मोठा होता, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

आग तर काही नव्हती. जवानांनी बंबावर पाणी मारलं आणि ते घरात शिरले. एक खोली, दुसरी, पाचवी, चौदावी. त्यांचा अधिकारी फोनवर फोन करत होता. तोवर चेतन आणि कोमल हॉस्पिटलातून परतले होते. अधिकारी शेवटी त्यांच्या खोलीत आला. बिनखिडकीच्या भिंती त्याने पाहिल्या, कोपऱ्यातली पत्र्याची शेगडी पाहिली. तिच्यात अजून त्या दिवसाची राख थापली होती. केसरबाईंनी ती पुरावा म्हणून तशीच जपली होती. मग त्याने दारामागची गोधडी पायाने हलवून बघितली. चेतनला त्याने बरंच काही विचारलं आणि बरंच काही सांगितलं. बोलता बोलता तो कोमलच्या हातातल्या पोरीकडे बघत होता.

तो गेल्यावर चेतन म्हणाला, "मामी, तो म्हणतो असल्या बंद खोलीत कोळसा म्हणजे मरण. त्या वायूला ना धूर, ना वास. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप लागते. पोर गप्प झोपून राहते आणि मग कुणीच उठत नाही. आपण तशी शेगडी लावली होती का, असं विचारत होता. मी सांगितलं, एकदाच, आणि लगेच विझवली."

कोमल पोरीला दूध पाजायला बसली. तिला ती संध्याकाळ आठवत नव्हती, की आठवूनही तिने काही जोडलं नव्हतं. केसरबाईंनी जोडलं. डोकं जड. मळमळ. दुधाला न उठलेली पोर. फटीतली गोधडी त्यांनी स्वतःच्या हाताने कोंबली होती, बोटांनी दाबून दाबून.

दुपारी पालिकेचे लोक आले. लाईट तोडली, दारावर कागद चिकटवला, तीन दिवसांची मुदत दिली. चेतनला एका मित्राने घरी बोलावलं. रुकैयाने शिलाईमशीन चादरीत बांधलं, ते दोन शेजाऱ्यांनी उचलून टेम्पोत घातलं, आणि जाता जाता ती किटली केसरबाईंच्या हातात ठेवून गेली. "बाळाला लागेल, मावशी," म्हणाली. कुणी काय केलं हे तिला ठाऊक नव्हतं.

केसरबाई सामान घेऊन निघाल्या तेव्हा पोपटराव फुटपाथवर एका सुटकेसवर बसले होते. दिवसभरात माणूस वाळून गेला होता. ते उठले आणि हात जोडून समोर आले. केसरबाईंना वाटलं, शिव्या देणार. त्या शिव्या खायला त्या तयार होत्या, जवळजवळ भुकेल्याच होत्या.

"आक्का, चुकलं माझं," पोपटराव म्हणाले. "माझ्या आईनं ऐकलं आसतं तर तोंडात मारलं आसतं. बाळंतिणीच्या शेगडीवर पानी वतायचं नव्हतं मी. त्याचीच फळं भोगतोय."

हेच शब्द. गेले सोळा दिवस केसरबाईंनी मनातल्या मनात या माणसाकडून हेच शब्द वदवून घेतले होते. गाडीत कोमल बसली होती. तिच्या मांडीवर पोर टक्क डोळे उघडून बघत होती.

एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांच्या ओठापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. ते बोललं की शेगडी कुणी पेटवली आणि गोधडी कुणी कोंबली, हेही बोलावं लागलं असतं.

"असू दे," केसरबाई म्हणाल्या. "मी मनात ठेवलं न्हाई."

पोपटरावांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. केसरबाईंनी पाय मागे घेतला नाही.