कंपाउंडरची पँट

ज्या वर्षी धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि व्याह्यांसमोर माझी कवळी ताटात पडली, त्याच वर्षी नातीने फिजिओथेरपीची प्रवेश परीक्षा दिली. तिसरा पेपर ऐच्छिक होता, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र. सगळ्यांनी जीवशास्त्र घेतलं. आमची पोर शिंप्याच्या घरात जन्मलेली, पण बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब आला तरी तिला भोवळ यायची. तिने भौतिकशास्त्र घेतलं.

माझा मेहुणा जन्मभर दवाखान्यात पुड्या बांधत आला, म्हणून सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. पँटचं कापड टाकायला तो आमच्या दुकानात आला आणि म्हणाला, "भाऊजी, पोर वाया गेली. तिथे माणसं दुरुस्त करायची असतात, पंखे नव्हे."

नातीला प्रवेश मिळाला. पण पहिल्याच वर्षाला शरीररचना, आणि चाचणीत ती सपाटून आपटली. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "वर्षअखेरीस नापास झालीस तर मुकाट्याने इथे दुकानात काजं करायला बस."

ती माझ्याकडे आली. "आजोबा, सदरा काढा."

मी चड्डीवर, कापायच्या टेबलावर पालथा. ती शिंप्याच्या खडूने माझ्यावर हाडं आखू लागली.

"हलू नका, खुबा सरकतोय."

"तो केव्हाच सरकलाय."

हाड म्हणजे तरफ, सांधा म्हणजे टेकू, असं पुटपुटत ती शिकली. नुसती नावं तिच्या डोक्यात राहत नसत. कोण कुणाला ओढतं हे कळलं की राहत. नावंही ती माझ्यावरच लिही. मला अक्षरं उतारवयात आली. पोटरीवरचं मी वाकून वाचायचो, पाठीवरचं राहून गेलं.

एकदा माझ्या अंगाखाली कंपाउंडरचं कापड पसरलेलं होतं. कंबर आखताना खडू कापडावर उतरला. बापलेकीचा खडू एकच. मुलाला वाटलं, आपलीच खूण. त्याने कात्री चालवली.

शिवलेली पँट घालून कंपाउंडर आरशासमोर उभा राहिला. "ही डावीकडे का फुगलीय?"

"कंपाउंडर आजोबा, ती आमच्या आजोबांची कंबर आहे," नात म्हणाली. "त्यांचा डावा खुबा झिजलाय, म्हणून ते तसे उभे राहतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, स्टुलावर बसून पाहिलं. "बसायला बरी आहे," तो म्हणाला. "पण ऐक, पंखेवाली. तू पास झालीस तर हीच घालून बाजारभर फिरेन. नाही झालीस तर तुझा बाप मला नवी शिवून देईल."

मुलाने कपाट उघडून पाहिलं. त्याच्याकडे तसलं कापड उरलं नव्हतं.

निकाल लागला. शरीररचनेत ती वर्गात दुसरी आली. कंपाउंडरने शब्द पाळला. ती पँट घालून तो माझ्याबरोबर बाजारातून चालला, एका बाजूला कललेला. ओळखीचे लोक थांबवून विचारत, पायाला काय झालं?

"पायाला काही नाही," तो सांगे. "नात पास झाली."

नात दुसऱ्या वर्षाला असताना, हिवाळ्याच्या सुरुवातीला, कंपाउंडर वारला. शेवटपर्यंत बाजारात जाताना तो तीच पँट घाली.