तिकिटांनी मढलेला लखोटा

मी एक लखोटा बोलतोय, अल्बमच्या गुळगुळीत प्लास्टिकआडून. इथे दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. डोळा लागतो, उघडतो, पुन्हा लागतो.

माझा जन्म महागाईतला. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नसे. एका सुताराने माझ्यावर आपल्या बायकोचा पत्ता घातला. ती दूर कामाला गेली होती आणि 'परत ये' एवढंच त्याला तिला सांगायचं होतं. तिकिटं इतकी लागली की माझं पाठपोट भरून गेलं. लहानग्या लेकीने ती जिभेने ओली करून चिकटवली. शेवटचं उलटं लागलं.

"राहू दे गं, पोचल्याशी कारण," बाप हसून म्हणाला.

मी पेटीत असतानाच टपालाचा दर पुन्हा वाढला. 'तिकीट अपुरं, परत' असा जांभळा शिक्का पाठीवर खाऊन मी माघारी आलो, तर घराला कुलूप. बापलेक पोटामागे दुसऱ्या गावी गेलेली. मग बेवारस टपालाच्या पोत्यात किती वर्षं निजलो, कोण जाणे. पोटातलं पत्रही त्या झोपेत कधीतरी गळालं.

पुढे दातांच्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतलं. महागाईतली तिकिटं आणि लखोटे जमवायचं त्यांना भारी वेड. दात उपटावा तसे चिमट्याने मला बाहेर काढतात. चहाला आलेल्या माणसाची माझं दर्शन घेतल्याशिवाय सुटका नाही. उलट्या तिकिटाखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'प्रेमिकांची गुप्त खूण'. शहाण्यापुढे मी काय बोलणार?

काल त्यांच्या सुनेची म्हातारी मावशी आली. माझं पान उघडलं आणि तिचा कप तसाच हातात राहिला.

"खूण कसली, डॉक्टर? हे मी चिकटवलंय. आणि हे अक्षर माझ्या बाबांचं."

डॉक्टरांनी हौसेने माझी पाठ दाखवली. "हा शिक्का बघा. परत आलेलं पाकीट आहे, म्हणून तर दुर्मीळ."

"परत आलेलं? म्हणजे आईला मिळालंच नाही?"

डॉक्टरांनी शिक्क्यावरची अक्षरं तिला वाचून दाखवली.

"पत्र मिळूनही आली नाही, असंच आम्ही धरून चाललो," ती हळू म्हणाली. "ती शेवटचं आजारी होती, तेव्हा मला निरोप आला होता. मी गेले नाही."

डॉक्टरांनी चिमटा बाजूला ठेवला आणि मला हाताने उचलून तिच्या ओंजळीत दिलं. तिने माझ्यावरचं आईचं नाव बोटाने चाचपलं, पुन्हा पुन्हा. मला फार वाईट वाटलं.

मंडळी, एखाद्याचं उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर रुसला असाल, तर एवढं करा. तो आहे तोवर त्याला विचारा, माझं पत्र तुला मिळालं होतं का?