पंख्यांची निवडणूक

गल्लीत त्याला कोणी नावानं हाक मारत नसे. तो वायरमन होता, आणि कुणाच्या ना कुणाच्या खोलीतला फ्यूज सारखा उडायचा, म्हणून लहानथोर सगळे त्याला ‘फ्यूज’च म्हणायचे. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, “अहो फ्यूज, जेवायला येताय की झाकून ठेवू?”

आता ती गल्ली राहिली नाही. खोल्या पाडून तिथं गोदामं झाली, आणि तो म्हातारपणी मुलाकडे उंच इमारतीत राहायला आला. निवडणूक जवळ आली की मुलाच्या फोनवर टिंग वाजतं आणि मुलगा म्हणतो, “आले बाबा, आपल्या घराच्या मतांचे पैसे.” कोणी आलं नाही, गेलं नाही, दाराची कडीसुद्धा वाजली नाही. अशा वेळी म्हाताऱ्याला पंख्यांची ती निवडणूक आठवते आणि तो गालातल्या गालात हसतो.

सूतगिरणीच्या मागची ती गल्ली म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की पिंपातलं पाणी न तापवता आंघोळीला चालावं. घरटी एक दिवा होता, पण पंखा कुणाकडेच नव्हता. त्या वर्षी वॉर्डातून रस्त्यांची कामं घेणारा एक कंत्राटदार उभा राहिला. त्याच्यासमोर होता दवाखान्यातला कंपाउंडर. कंत्राटदाराकडे पैशाला तोटा नव्हता, आणि कंपाउंडरकडे सुईची डबी नि जुनी सायकल सोडून काही नव्हतं.

फ्यूज तेव्हा कंत्राटदाराकडेच कामाला होता. एके सकाळी कंत्राटदाराच्या मेहुण्यानं टेम्पो भरून छताचे पंखे आणले. म्हणाला, “घरटी एक. बसवायचं काम तुझं. आणि बसवताना प्रत्येकाला सांगायचं, घरातली सगळी मतं साहेबांना. कबूल करून घ्यायचं, मगच बटण दाबायचं.”

फ्यूज शिडी घेऊन खोलीखोलीत फिरला. लोक हसत हसत कबूल होत होते. पोती शिवून पोट भरणारी शेजारची मावशी, जिला डोळ्यांनी अंधुकच दिसायचं, ती म्हणाली, “कबूल रे बाबा, दहादा कबूल. आधी तो फिरव तरी.” पंखा गरगरला तशी ती त्याच्याखाली मान वर करून उभी राहिली. तोंडावर वारा घेत म्हणाली, “अगं बाई, वारा घरात राहायला आला की गं!” कुणाचा स्टोव्ह विझला, कुणाच्या भिंतीवरचं कॅलेंडर उडून थेट आमटीत पडलं. फ्यूजच्या धाकट्या मुलीच्या अंगावर घामोळं उठलं होतं. ती पंख्याखाली पसरली ती दिवे लागेपर्यंत उठलीच नाही.

आणि दिवेलागणीला सगळ्यांनी एकदम पंखे लावले. धाडकन आवाज झाला आणि अख्खी गल्ली अंधारात बुडाली.

“फ्यूज! ए फ्यूज!” दोन्ही रांगांतून एकच ओरडा.

जुन्या बारीक वायरला एवढे पंखे झेपेनात. मग ओट्यावर बैठक बसली. पाळ्या ठरल्या: आज डावी रांग पंखा लावणार, उद्या उजवी. ज्या रांगेची पाळी नसेल तिनं समोरच्यांकडे जाऊन बसायचं. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण त्यानंतर गल्लीतल्या बायका एकमेकींच्या खोलीत भाज्या निवडायला बसू लागल्या, एकमेकींची पोरं एकाच पंख्याखाली ओळीनं झोपू लागली. वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा समोरासमोर राहत होत्या, त्यासुद्धा उकाड्यापायी बोलत्या झाल्या. फ्यूजला त्या दिवसांइतकी भरलेली घरं पुन्हा कधी दिसली नाहीत.

मतदान झालं. फ्यूजनं कंत्राटदारालाच मत दिलं. स्वतःच्या तोंडानं इतक्यांकडून शब्द घेतलेला, आपण कसा फिरवायचा, एवढाच त्याचा विचार. बायकोला त्यानं विचारलं, “तू कुणाला दिलंस?” ती म्हणाली, “पडद्याआड एकटीला पाठवलं होतं ना? मग?”

पेट्या फुटल्या आणि कंत्राटदार पडला. गल्लीच्या पेटीत तर त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

दुसऱ्याच दिवशी मेहुणा आला. चेहरा लालबुंद.

“काढ.”

“काय काढू?”

“पंखे! सगळे. फुकट हवा खायची सोय केली नव्हती आम्ही.”

फ्यूज खाली मान घालून घरी आला आणि शिडी घेऊन दारातच उभा राहिला. कुणाच्या घरात आधी शिरायचं? ज्यांच्या चुलीवरचा चहा प्यायला, त्यांच्या डोक्यावरचा वारा कसा काढायचा?

बायको पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि धाकटीला उचलून कडेवर घेतलं. “आपल्यापासून सुरू करा,” ती म्हणाली. “म्हणजे कुणाला तोंड दाखवायला लाज वाटणार नाही.”

त्यानं स्वतःचा पंखा उतरवला. पोरगी वर बघून रडायला लागली, आणि तिच्या रडण्यानं शेजारपाजारचे दारात जमले. काय चाललंय ते कुणाला सांगावं लागलं नाही. शिव्याशाप द्यायला तोंड उघडलेल्या बायका त्याच्या छताचा उघडा हूक बघून गप्प झाल्या. मावशी चाचपडत पुढे आली. म्हणाली, “माझा काढ आता. दिला त्यानं, नेला त्यानं. त्याचं काय चुकलं? आपणही कबूल करून फिरलोच की.”

“मग मावशी, त्याला मत का नाही दिलंत?” फ्यूजनं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

“अरे, माझ्या नातवाला ताप चढला तेव्हा कंपाउंडर भर उन्हात सायकल दामटत आला. पंखा पुढं नि ते पोर मागं, असं कसं होईल? पंखा आवडला रे मला. फार आवडला. पण ते वेगळं.”

दुपारपर्यंत सगळे पंखे ओट्यावर मांडून झाले. लोकांनीच ते ओल्या फडक्यानं पुसून दिले, पातींवरची धूळसुद्धा राहू दिली नाही. मेहुणा टेम्पो घेऊन आला, तर पोरासोरांनीच पंखे उचलून आत ठेवले. त्याला भांडायचं होतं, पण भांडायला कुणी मिळेना. तो तसाच घाम पुसत निघून गेला.

त्यानंतर कंपाउंडर आला. निवडून आलेला माणूस, पण चेहरा अपराध्यासारखा. “माझ्याकडे पंखे द्यायला नाहीत हो,” तो म्हणाला.

“पंखे नकोत,” फ्यूजची बायको म्हणाली. “वायर जाड करून द्या. पंख्याचं आमचं आम्ही बघू.”

जाड वायर यायला वर्ष उलटलं, पण आली. तोवर कंत्राटदारानं ते पंखे जुन्या बाजारात विकून टाकले होते. गल्लीतल्या बायकांनी एकमेकींना धरून तिथं धाड घातली, घासाघीस करून एकेक पंखा अर्ध्या किमतीत घरी आणला. फ्यूजनं फुकट बसवून दिले. मावशीनं आपला पंखा नुसत्या आवाजावरून ओळखला म्हणे. खरं-खोटं तिलाच ठाऊक. पण आता पाळ्यांची गरज उरली नाही. ज्यानं त्यानं आपापलं दार लोटून आपापल्या पंख्याखाली पडायचं. संध्याकाळी ओट्यावर मावशी एकटीच दिसायची, आणि फ्यूज कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी तिच्याजवळ घडीभर टेकायचा.

बऱ्याच वर्षांनी कंत्राटदारानं त्याला घरी बोलावलं, दिव्यांचं काम होतं. कंत्राटदार थकला होता, एक हात लुळा पडला होता. काम संपल्यावर त्यानं फ्यूजला समोर खुर्चीवर बसवलं, पूर्वी कधी बसवलं नव्हतं.

“एक विचारू? त्या पेटीत माझ्या नावाची चार-दोन मतं होती. कुणाची रे ती?”

“एक माझं होतं, साहेब.”

कंत्राटदारानं विचारलं, “आणि पंखा कुणाचा आधी उतरवलास?”

“माझाच.”

“मेहुण्याला मीच पाठवलं होतं,” कंत्राटदार म्हणाला. “लोक त्याच्यावर ढकलतात, पण तो हुकूम माझा होता.” मग त्यानं आतल्या सुनेला हाक मारून दोन कप चहा सांगितला. एक स्वतःला आणि एक फ्यूजला. दोघं समोरासमोर बसून चहा प्यायले.

घरी येऊन फ्यूजनं बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हसत होती. लोखंड तापलेलं बघून त्यानं पुन्हा विचारलं, “आता तरी सांग. त्यातलं दुसरं मत तुझं होतं ना?”

“चहात साखर होती का त्याच्याकडे, की तसाच?” ती म्हणाली, आणि भात उतरवायला उठली.