फ्लोराचा नवस आणि एझ्राची भाकरी

चारकोपच्या आमच्या इमारतीत बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर एकच, सातव्या मजल्यावरचं. एझ्रा अष्टमकर आणि त्यांची बायको फ्लोरा.

लिफ्ट बंद पडली आणि फ्लोराचे गुडघे कुरकुरू लागले. एकदा पाचव्या मजल्यावर भाजीची पिशवी टेकवून तिनं देवालाच सुनावलं, "आमच्या पूर्वजानं, याकोबानं, तुला अट घातलीच होती ना? अन्नवस्त्र दे, सुखरूप घरी आण, मग तू माझा देव. माझं एवढं मोठं नाही. लिफ्ट चालू कर, वर्षभर मी भाकरी थापणार नाही."

आठवडाभरात लिफ्ट चालू झाली!

त्या दुपारी ताटात बांगड्याचं कालवण होतं, भात होता.

"भाकरी?" एझ्रांनी विचारलं.

"नवस फेडतेय."

सगळं ऐकून एझ्रा उष्ट्या हातानं उठले, मग हात धुवून त्यांनी धर्मग्रंथ उघडला. "यातल्या गणनेच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय! बायकोचा नवस नवऱ्यानं ऐकला त्याच दिवशी मोडला, की मोडला. हा बघ, मोडला!"

"पुढचं वाचा."

पुढचं त्यांनी जरा हळू वाचलं. ऐकूनही तो गप्प बसला, तर नवस कायम.

"नवस बोलले त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगितलं होतं," फ्लोरा म्हणाली. "मॅच बघत होतात. 'हं' म्हणालात."

"हं म्हणजे ऐकलं असं नव्हे गं!"

"मग लग्न झाल्यापासून मी कुणाशी बोलतेय?"

शेवटी एझ्रांनी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या बेंजामिनकाकांना फोन लावला, स्पीकरवर.

काका म्हणाले, "सोपं आहे रे. तू ऐकलंच नव्हतंस, तर नवस आजही मोडता येतो. फक्त तेवढं तिच्या तोंडावर सांग."

एझ्रांनी फ्लोराकडे पाहिलं. तिच्या हातात कालवणाचा डाव होता.

"ऐकलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच ओट्याशी उभे राहिले. तांदळाची उकड परातीतून निघाली ती थेट त्यांच्या कोपरापर्यंत चढली. शेजारच्या सुहासिनीवहिनी दारातून ओरडत होत्या, "पाणी लावा, भावोजी, पाणी!" पहिली भाकरी तव्यावर पडली ती तीन तुकड्यांत.

फ्लोरानं त्यातला एक तुकडा कालवणात बुडवून खाल्ला.

"कडा कच्च्या आहेत."

"उद्या बघतो," चष्म्यावरचं पीठ पुसत एझ्रा म्हणाले.