फ्रान्सवाडीचा नकाशा

काकासाहेबाने मच्छिंद्राच्या हातातला घंटेचा लोखंडी टोला हिसकावला आणि त्याच टोल्याने त्याच्या कानाखाली मारलं. शाळेच्या व्हरांड्यात, दुपारी पावणेदोनला, नववीच्या पोरांदेखत.

"खोड ते नाव," काकासाहेब म्हणाला.

मच्छिंद्र खांब धरून उभा राहिला. रक्त मानेवरून खाकी शर्टाच्या कॉलरीत उतरत होतं.

"मी न्हाई ल्हिलं. पोरींनी ल्हिलंय."

"तूच सांगितलं ना, भाड्या?"

"व्हय. मीच सांगितलं."

दुसरा फटका खांद्यावर बसला. हात बधिर होऊन खाली लोंबला.

काकासाहेब शाळा समितीचा अध्यक्ष आणि गावचा भंगारवाला. गावाच्या उगवतीला लष्कराची रेंज होती. तिथे रणगाडे गोळे टाकायचे आणि सराव संपला की गावातली माणसं तार उचलून आत शिरायची. लोखंड, पितळ, तांबं, जे मिळेल ते पोत्यात भरून आणायची. गावातलं असं प्रत्येक पोतं काकासाहेबाच्या गोडाऊनला जायचं. मच्छिंद्र शाळेचा शिपाई. सव्वीस वर्षं घंटा वाजवत होता. पोरं त्याला मामा म्हणायची.

भांडण एका ठिपक्याचं होतं.

महिन्यापूर्वी भूगोलाच्या ज्ञानेश्वरी मॅडमनी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शाळेशी ओळख जमवली होती. त्यांनी आपल्या गावाचा भूगोल-इतिहास लिहून पाठवायचा, ह्यांनी आपला पाठवायचा, आणि मग टीव्हीवर समोरासमोर बोलायचं. त्या गावाचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पोरांनी त्याला फ्रान्सवाडी करून टाकलं.

पत्र आलं त्या दिवशी मच्छिंद्र वर्गात पाण्याचा माठ भरत होता. मॅडम मराठीत सांगत होत्या. चौऱ्याण्णव माणसांचं गाव. एक ओढा, एक चर्च. माती पांढरी, चुन्यासारखी. साखरेचं बीट पिकवतात आणि कारखान्याला घालतात.

"मंजी आपल्यावानीच की," मागून एक पोरगं म्हणालं. "मॅडम, त्यांचा बी चेअरमन उसाला, मंजी बिटाला भाव देत न्हाई का?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि पुढे वाचू लागल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात पाच महिन्यांत सगळं गाव भुईसपाट झालं. एक भिंत उरली. अजूनही दर वसंतात नांगराला न फुटलेले गोळे लागतात. शेतकरी ते जागेवर सोडून खूण करतात आणि सरकारची गाडी येऊन नेते. तरी माणसं मरतात. सोबत नकाशा होता. शेतांत लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यापाशी एक नाव. शेवटचं नाव एका बाईचं. बटाटे काढताना गेली.

मच्छिंद्राच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो माठाबाहेर कलला आणि पाणी फरशीवर आलं.

"मामा, पाणी!"

"बाई," तो म्हणाला, "ही नावं त्यांनी कुणाला इचारून ल्हिली?"

"कुणाला विचारायचं? गेलेली माणसं आहेत ती. गावाचा इतिहास आहे."

तीन वर्षांपूर्वी, फाल्गुनातल्या एका सकाळी, मच्छिंद्र आणि त्याची बायको रंगुबाई रेंजमध्ये गेले होते. रविवार होता. ओढ्याच्या काठी काळ्या मातीत अर्धा रुतलेला गोळा तिला दिसला.

"फुटलेला हाय," ती म्हणाली. "बुडाला तांब्याचं कडं हाय बगा. छिन्नी द्या."

छिन्नी मच्छिंद्राजवळ होती. त्याने दिली. पोतं आणायला तो बाभळीकडे वळला, बारा पावलं गेला असेल. पाठीत भिंत येऊन आदळावी तसं झालं. उठला तेव्हा तोंडात माती होती आणि कानात नुसती घुंई. रंगुबाईचा एक हात बांगड्यांसकट बाभळीत अडकला होता. कमरेखाली काही उरलं नव्हतं. डोळे मात्र उघडे होते, ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती. त्याने कान तिच्या तोंडाला लावला. ऐकूच आलं नाही. मग ओठ थांबले.

काकासाहेब ट्रॅक्टर घेऊन आला. तिला गोळा करून मच्छिंद्राच्या बांधावर आणून ठेवलं.

"ईज पडली म्हन," तो म्हणाला. "आत गेल्तो म्हनशील तर तू बी जेलात आन् सगळं गाव बी."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पंचनाम्यात वीज पडली. ज्यांनी बघायचं त्यांनी वाकून बघितलं नाही. खाली मच्छिंद्राची सही होती. दहाव्याला लोक विजेबद्दल बोलले, आणि त्यानेही मान हलवली.

त्यानंतर घंटा वाजवणं त्याला जड जाऊ लागलं. शाळेची घंटा म्हणजे रेंजमधल्या गोळ्याचं पितळी नळकांडं होतं. ते रंगुबाईनेच कधीतरी डोक्यावर आणलं होतं आणि काकासाहेबाने स्वतःच्या नावाने शाळेला दान दिलं होतं. टोला मारला की बराच वेळ घुमायचं. मच्छिंद्र लगेच त्याला तळवा लावून आवाज मारून टाकायचा.

नववीच्या पोरांनी आपल्या गावाचा नकाशा काढला. देऊळ, मशीद, गनीभाईची पिठाची गिरणी, कांद्याची चाळ, सगळं आलं. उगवतीची बाजू कोरी होती. झाडताना मच्छिंद्र तिथे थांबला.

"बाई, हितं काईच न्हाई?"

"तिकडे रेंज आहे ना, मामा. तिथे काय दाखवणार?"

त्याने झाडू भिंतीला टेकवला. ओढा कुठे वळतो तिथे बोट ठेवलं.

"हितं माजी बायकू गेली. ईज न्हाई पडली. गोळा फुटला. छिन्नी म्या दिल्ती."

पोरांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मॅडम दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, फक्त त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या बाकावरच्या पोरींनी लाल पेन काढलं, ठिपका देऊन शेजारी मराठीत आणि इंग्रजीत नाव लिहिलं.

ते आज काकासाहेबापर्यंत पोचलं होतं.

त्याने तिसऱ्यांदा टोला उगारला, तेव्हा मच्छिंद्राने चांगल्या हाताने त्याचा गळा धरला. त्याला भिंतीशी नेलं आणि दाबलं. टोला फरशीवर पडला. काकासाहेबाचे डोळे बाहेर आले, टाचा भिंतीवर आपटू लागल्या. मच्छिंद्राला त्याचे ओठ हलताना दिसले. तो काहीतरी म्हणत होता. मच्छिंद्र आणखी दाबत होता.

"मामा, सोडा!" मॅडम दारातून ओरडल्या. "मामा, ती पोरं बघतायत!"

दारासमोरचा वर्गातला टीव्ही ठरल्या वेळी सुरू झाला होता. पडद्यावर सात-आठ गोरी पोरं इकडेच बघत बसली होती. त्यांच्यामागे स्वेटर घातलेला एक म्हातारा उभा होता.

मच्छिंद्राने परत काकासाहेबाच्या ओठांकडे बघितलं. ते अजून हलत होते. त्याने हात सोडला.

काकासाहेब खोकत वर्गात शिरला, भिंतीवरचा नकाशा ओढून त्याने मधोमध फाडला. "नोकरी खातो तुजी," एवढं कसंबसं म्हणून तो फाटकाकडे गेला.

पोरींनी दोन्ही तुकडे उचलले आणि पडद्यासमोर जोडून धरले. फाट ओढ्यावरून गेली होती. ठिपका उजवीकडच्या तुकड्यावर राहिला होता.

"कॉल बंद करू का, मामा?" मॅडमनी विचारलं.

"नगं. मी सांगतो. तुमी तेंच्या भाषेत सांगा."

तो कानाला रुमाल दाबून पडद्यासमोर उभा राहिला. "ही रंगुबाई," त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं. "माजी बायकू. गोळ्यानं गेली. म्या ईज पडली म्हनून सही केली. ती खोटी हाय."

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. तिकडच्या शिक्षिकेने त्यांच्या भाषेत सांगितलं. मग म्हातारा पुढे आला आणि त्याने काहीतरी विचारलं.

"तुम्ही गोळ्यांचं काय करता, असं विचारतायत," मॅडम म्हणाल्या.

"इकतो. एक हितं टांगलाय."

मच्छिंद्र बाहेर गेला. टोला उचलला, त्याच्यावरचं स्वतःचं रक्त शर्टाला पुसलं आणि एक ठोका दिला. परत दारात आला तर म्हातारा पडद्यावरून गेला होता. रिकाम्या जागेकडे सगळे बघत राहिले. तो आला तेव्हा त्याच्या हातात सुतळीला टांगलेलं, हिरवं पडलेलं पितळी नळकांडं होतं. मॅडम तिकडचं ऐकून हलक्या आवाजात सांगू लागल्या. विषारी वायू आला की युद्धात हे वाजवायचे. आता वर्षातून एकदा वाजवतात, नकाशावरच्या नावांसाठी.

म्हाताऱ्याने नकाशाकडे बघितलं, नाव वाचायचा प्रयत्न केला. "रोंगुबे," तो म्हणाला आणि एक ठोका दिला.

टीव्हीच्या लहानशा स्पीकरमधून तो आवाज वर्गात आला. मच्छिंद्राने हातातल्या टोल्याने व्हरांड्यातल्या नळकांड्याला आणखी एक ठोका दिला. त्याचा तळवा सवयीने वर उठला.

त्याने तो खाली घेतला, आणि दोन्ही आवाज संपेपर्यंत दारात उभा राहिला.