'बे'चा अर्थ

एकोणीसशे त्रेसष्टमध्ये अमडापूरच्या शाळेत मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमच्या वर्गात उद्धव होता, पंजाबरावांचा मुलगा. रोज मधल्या सुट्टीत तो माझ्या भाकरीवर दौत उपडी करायचा आणि म्हणायचा, "खा बे पंडित, अक्षर सुधरते." पोरं हसायची. मीही थोडा हसायचो. ते हसणं मला आजही लागतं.

दिवाळीनंतर त्यानं वाचनालयातलं माझ्या नावावरचं पुस्तक विहिरीत टाकलं. पाहिलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही.

त्याच महिन्यात वामनराव हेडमास्तर पुण्याहून आले. त्यांनी फळ्यावर नियम लिहिला: मारामारी किंवा शिवी, पहिल्याच वेळी नाव कमी. चौकशी नाही, माफी नाही.

एकदा ते व्हरांड्यातून जाताना उद्धवचं "खा बे" त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी दोघांनाही खोलीत बोलावलं.

"हे 'बे' काय आहे? नीळकंठ, तू वाचणारा मुलगा. शिवी आहे का ही?"

उद्धव निवांत उभा होता. आमच्याकडे बाप लेकाला बे म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो. मलाही ते ठाऊक होतं.

"आहे, सर," मी म्हणालो. "अर्थ तुमच्यासमोर सांगता येणार नाही."

उद्धव माझ्याकडे वळला. "काऊन बे, खोटं काऊन बोलून राह्यला?"

"माझ्यादेखत?" वामनरावांनी दौतीत टाक बुडवला.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव बैलगाडी घेऊन आले. मी वर्गाच्या दारातून ऐकत होतो.

"सायेब, याची माय सोडली तं मी सगळ्यायले बे म्हनतो. बैलालेही म्हनतो."

"म्हणजे मुलगा घरीच शिकला," वामनराव म्हणाले.

दाखल्यावर 'वर्तणूक वाईट' असा शेरा होता. त्या शेऱ्यावर त्याला कुठलीच शाळा घेणार नव्हती, आणि परीक्षेला चार महिने उरले होते. पंजाबराव माझ्यापाशी आले. टोपी हातात होती.

"बाळा, त्यानं तुले लय तरास देल्ला, मले समजलं. मी घरी त्याची चामडी लोळवतो. पन तू खरं सांग. तुह्या एका शब्दानं त्याचं वर्स वाचते."

मी आयुष्यात साधं पत्र टाकतानाही दहादा विचार केला आहे. तेव्हा केला नाही.

"मी खरंच सांगितलं, काका."

त्यांनी टोपी घातली.

उद्धव गाडीत बसला होता. गाडी हलली तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. माझ्या मागे वामनराव येऊन उभे होते. त्यानं तोंड मिटलं.

फाटकाबाहेर गाडी वळेपर्यंत मी त्याच्या त्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत राहिलो.