पदराचं बटण

वडगावात मारुतीरावांच्या मागाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भूत उतरवणारा कापूरबाबा आलेला! दिवाळीपासून त्यांचा नवा संगणकी माग पदराची नक्षी सुरू करताना बंद पडायचा. स्क्रीन काळी, साडी वाया. आणि बंद पडायचा तो फक्त विणकर गुणाबाईच्या हाताखाली. बाबाने उपाय दिला: पदराचं बटण दाबण्याआधी तीनदा ‘ओम कापूरेश्वराय’ म्हणा. गुणाबाईने म्हटलं, दाबलं, माग चालला! मारुतीरावांनी लोटांगण घातलं. शेजारच्या मागावर उभी मी. हसावं की थुंकावं कळेना.

“भूत बांधलंय,” बाबा म्हणाला, “पण बसलंय हिच्याच हातात. नवरा खाल्ला, आता माग खातीय.”

“अण्णा, माझ्या हातात काय बी न्हाय वो,” गुणाबाई मारुतीरावांना विनवत होती.

“नसंल तर भाजणार न्हाय!” बाबाने तिच्या उजव्या तळहातावर कापूर पेटवला. मी किंचाळत धावले, बायांनी मला धरून ठेवलं. मांसाचा वास शेडभर झाला आणि लोक जयजयकार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मच्छे गावाहून, माग बनवणाऱ्या कंपनीतली प्रियदर्शनी आली. जुनी नक्षी संपताक्षणी तिने बटण दाबलं. स्क्रीन काळी.

“बघा, भूत माझ्याबी हातात हाय!”

मग तिने माग परत सुरू केला, तीनदा ‘कापूरबाबा लबाड’ म्हटलं आणि बटण दाबलं. माग खडखडत चालला.

“मंत्रानं नुसता उशीर होतोय,” ती म्हणाली. “यंत्राच्या मेंदूत दोघं एकदम राबतात. एक जुनी नक्षी वाचत असतो, बटण दाबलं की दुसरा तीच जागा पुसतो. वाचून व्हायच्या आत पुसली की खेळ खलास. बाकीच्या बाया रेंगाळतात, म्हणून सुटतात. गुणाक्का चपळ, म्हणून सापडल्या. बाबानं एवढंच हेरलं.”

तिने मूळ प्रणालीतच कुलूप घातलं: पहिल्याचं वाचून होईस्तोवर दुसऱ्याने पुसायचं नाही. मग गुणाबाईला बोलावलं. तिने डाव्या हाताने, क्षणही न थांबता, बटण दाबलं. माग चालला.

“लई झ्याक!” मारुतीराव खूश. मग तिच्या चिंध्या गुंडाळलेल्या हाताकडे बघून म्हणाले, “पण गुणाबाई, तुटला धागा ह्या हातानं कसा जोडणार? तू आता घरीच बस.”

कापूरबाबा तोवर पुढच्या गावी, लोंढ्याला पोचला होता. तिथेही गर्दी आहे म्हणे.

लोकहो, चमत्कार दिसला तर पायावर पडू नका. आधी मंत्राच्या जागी शिवी घालून बघा. आणि कापूर पेटवायचाच असेल, तर पहिला बाबाच्या तळहातावर पेटवा. गुणाबाईची बोटं अजून मिटत नाहीत.